पाच ग्रॅम लाली

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, तेव्हा त्याचे जाडजूड दरपत्रक आमच्या शाखेत आले होते. बँकेतल्या माणसाला दरपत्रक दिसले की ते वाचल्यावाचून राहवत नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या प्रकरणात मला एक नोंद लक्षवेधी वाटली. कुंकू, टिकली, सिंदूर, आळता यांवर शून्य टक्के कर होता आणि चेहऱ्याला लावायच्या इतर रंगांवर २८ टक्के. पुढे त्याच नोव्हेंबरात तो १८ टक्क्यांवर आला. कुंकवाचे शून्य मात्र शून्यच राहिले. सरकारच्या लेखी कपाळावरचा लाल रंग ही गरज आहे आणि गालावरचा लाल रंग ही चैन आहे, एवढा त्याचा सरळ अर्थ.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये माझे यजमान गेले. ज्या वर्षी नव्या दरपत्रकात कुंकू करमुक्त ठरले, त्याच वर्षी ते माझ्या कपाळावरून उतरले. वाणिज्य शाखेत शिकलेल्या मनाला असल्या जुळण्या नेमक्या नको तेव्हा सुचतात.

आमच्या घरी कोणी जबरदस्ती केली नाही, हे मुद्दाम नमूद करते. वडीलधाऱ्या बायका जमल्या, त्यांनी काही न बोलता जे करायचे ते केले आणि मीही काही न बोलता करू दिले. पंधरा दिवसांनी मी कामावर रुजू झाले. समोर बसलेला ग्राहक आधी माझ्या कपाळाकडे पाही, मग डोळ्यांकडे, आणि मग कर्जाचा अर्ज पुढे सरकवी. निवृत्तीला तीन वर्षे होती. त्या तीन वर्षांत मला या नजरेची सवय झाली.

माझ्याकडे तेव्हा सांगलीतल्या हळद व्यापाऱ्यांची खाती होती. सांगली ही हळदीची जुनी पेठ. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पूर्वी हरिपूर-सांगलवाडीच्या जमिनीत खोदलेल्या पेवांतून हळद साठवीत. माझ्या काळात ती गोदामांत असे आणि गोदामाच्या पावतीवर व्यापारी कर्ज उचलीत. हळदीला चुन्याची किंवा टाकणखाराची संगत मिळाली की ती लाल होते. परंपरेने कुंकू होते ते असेच. म्हणजे गावभरच्या कपाळांना पुरेल एवढा कच्चा माल मी सहीनिशी तारण ठेवून घेत होते, आणि त्यातला चिमूटभर माझ्या नावे नव्हता. ताळेबंदाच्या भाषेत सांगायचे तर मालमत्ता ताब्यात होती, हक्क नव्हता.

माझे माहेर शिरोळ तालुक्यातले. त्याच तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे हे गावात होऊ नये, असा तो ठराव होता. दोन आठवड्यांच्या आत, १७ मे रोजी, राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असे सुचविले. आपल्या पंचक्रोशीतल्या एका लहान गावाने हे केले, याचा मला फार अभिमान वाटला. माहेरच्या मैत्रिणीने दूरध्वनी करून विचारले, “आता लावणार का गं तू?”

मी लावले नाही. त्याचे कारण भीती हे नव्हते आणि रूढीवरची निष्ठा हेही नव्हते. एकतीस वर्षे जे कुंकू मी लावले, ते दोघांच्या नावावर असलेल्या संयुक्त खात्यासारखे होते. ते खाते बंद झाल्यावर त्याच क्रमांकाने एकटीने व्यवहार करावा, असे माझ्या मनाने घेतले नाही. दुसऱ्या एखादीच्या मनाने घेतले, तर तिने अवश्य लावावे. तो तिचा अधिकार आहे आणि त्या ठरावाचे मोल त्यातच आहे. पण माझ्यापुरता प्रश्न तसाच उरला. कुंकू सोडले म्हणजे रंगही सोडला, असे कधी ठरले होते? आणि ते कोणी ठरवले होते?

या प्रश्नाला तोंड फुटले पुतणीच्या लग्नात. डिसेंबर २०२३, पुणे. वधूपक्षाच्या बायकांची वेशभूषा-केशभूषा करण्यासाठी दोन मुली पहाटेच बोलावल्या होत्या. खोलीत रांग लागली होती. नवरीची आई, मावशी, आत्या, सुना, शाळकरी मुली, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर ब्रश फिरत होता. माझा क्रम आला तशी त्या मुलीने माझ्याकडे न पाहता माझ्या शेजारच्या बाईंना विचारले, “या काकूंना नाही ना करायचं?” त्या बाईंनी मान हलवली आणि मुलगी पुढच्या खुर्चीकडे वळली. सगळा प्रकार मिळून पाच-सहा सेकंदांचा. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. त्या मुलीने उलट माझी अडचण होऊ नये म्हणूनच विचारले असणार. परंतु माझ्या चेहऱ्याविषयीचा निर्णय माझ्यासमोर, मला वगळून, दोघींनी घेतला होता. कर्जदाराला न विचारता त्याचे खाते वर्ग करू नये, हा नियम मी नवशिक्या कारकुनांना शिकवत आले होते.

पुढच्याच महिन्यात मी मुलाकडे पुण्याला असताना सूनबाईंना म्हटले, “मला एका दुकानात ने. गालाला लावायची पूड मिळते ना, ती घ्यायची आहे. आणि चांगल्यातली.” सूनबाईंनी ‘का’ म्हणून विचारले नाही. त्यांनी फक्त “चला आई” म्हटले आणि गाडीची किल्ली घेतली. या एका गोष्टीसाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

काचेच्या कपाटामागे उभी असलेली विक्रेती वयाने माझ्या नातीपेक्षा जराच मोठी असावी. तिने मला उंच खुर्चीवर बसवले, बदामी-गुलाबी छटेची एक डबी उघडली, मऊ ब्रश तिच्यावर हलकेच टेकवून झटकला आणि माझ्या गालाच्या हाडावरून कानाकडे तिरका फिरवला. सुमारे साडेसहा वर्षांत रंग लावण्यासाठी माझ्या चेहऱ्याला कोणाचा हात लागला नव्हता. मी आरशात पाहिले. फारसे काही बदलले नव्हते. नुकतीच शिखरजीची वंदना करून उतरावे आणि धाप ओसरल्यावर गालांवर जेवढी लाली उरावी, तेवढीच ती होती. अनोळखी माणसाला वाटले असते, बाईंची प्रकृती चांगली दिसते. बस्स.

मी किंमत विचारण्याआधी दुसरा प्रश्न विचारला. “यात कारमाइन आहे का?” ती म्हणाली, “सगळं ऑरगॅनिक आहे मॅडम.” मी म्हटले, “किडासुद्धा ऑरगॅनिकच असतो, बाळ. खोका दाखव.”

हा प्रश्न विचारण्याचे कारण आपल्या वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगते, कारण आपल्या घरांतल्या मुली ही प्रसाधने रोज वापरतात. लाल-गुलाबी रंगासाठी वापरले जाणारे कारमाइन हे एका किड्यापासून मिळते. हा कोचिनील किडा निवडुंगाच्या फड्यांवर जगतो. त्याच्या माद्या वेचून, वाळवून, कुटून त्यांतला लाल अर्क काढतात. एक पौंड रंगासाठी सुमारे ७०,००० किडे लागतात, असा हिशेब सांगितला जातो. आज त्याचे सर्वांत मोठे उत्पादन पेरू देशात होते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतून हा रंग युरोपात नेला आणि त्याचा उगम दीर्घकाळ गुप्त ठेवला. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीनेही आपल्या देशात हा किडा वाढवण्याचा घाट घातला. मद्रासला त्यासाठी निवडुंगाची बागही उभी केली. उत्तम प्रतीचा किडा काही येथे रुजला नाही.

खाद्यपदार्थ घेताना आपण हिरवा ठिपका पाहतो. प्रसाधन घेताना त्या ठिपक्यावर विसंबून चालत नाही, घटकांची यादीच वाचावी लागते. तीत ‘कारमाइन’ किंवा ‘कोचिनील’ हे शब्द असतील, अथवा ‘सी. आय. ७५४७०’ हा क्रमांक असेल, तर तो रंग किड्याचा. लोहाचे ऑक्साइड ‘सी. आय. ७७४९१’ या क्रमांकाने येते. ते खनिज आहे. पूड चिकटून बसावी म्हणून घातलेली स्टिअरेटे वनस्पतिज तेलाचीही असतात आणि प्राण्यांच्या चरबीचीही. यादीवरून ते कळत नाही, उत्पादकाला विचारावे लागते. प्राण्यांवर चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या बाबतीत मात्र आपल्या देशाने २०१४ साली ठाम पाऊल उचलले: अशा चाचण्यांवर येथे बंदी आली आणि परदेशात प्राण्यांवर चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या आयातीवरही.

आणखी एक घटक असतो, तो म्हणजे चमक आणणारा अभ्रक. झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह भागात टाकून दिलेल्या खाणींतून अभ्रकाचे तुकडे वेचण्याचे काम लहान मुले करीत आली आहेत. बिळांसारख्या त्या खड्ड्यांत दरड कोसळून मुले दगावल्याच्या बातम्या मी स्वतः वाचल्या आहेत. किड्याचा जीव आपल्याला चटकन दिसतो आणि माणसाच्या लेकराचा जीव यादीत लिहिलेला नसतो. कृत्रिम अभ्रकही हल्ली मिळतो. त्याचे नाव यादीत वेगळे येते.

हे सगळे मी त्या मुलीला सांगत बसले नाही. पण तिने दाखवलेल्या पहिल्या दोन डब्यांत ‘७५४७०’ निघाला आणि त्या मी परत केल्या. तिसरीत निघाला नाही. अभ्रकही कृत्रिम होता. स्टिअरेटाविषयी सूनबाईंनी तिथूनच कंपनीला पत्र पाठवले. चार दिवसांनी वनस्पतिज असल्याचे उत्तर आले आणि मगच आम्ही पुन्हा जाऊन ती डबी घेतली. किंमत ४,७२० रुपये. म्हणजे मूळ किंमत ४,०००, कर ७२०. वजन पाच ग्रॅम.

या ठिकाणी मला एक गोष्ट स्वच्छपणे सांगितली पाहिजे. किडा नसलेली, अभ्रक नसलेली लाली तीनशे-चारशे रुपयांतही मिळते, आणि हजारोंच्या डबीत किडा असू शकतो. किमतीचा आणि अहिंसेचा काही संबंध नाही. म्हणून ‘आपल्या तत्त्वांत बसणारी म्हणून महाग घेतली’ असे मी म्हणणार नाही. धर्माच्या नावावर चैन खपवणे मला पटत नाही. यादी वाचली ती धर्मासाठी. ४,७२० रुपये मोजले ते स्वतःसाठी.

आता त्या ४,७२० रुपयांचा हिशेब. ग्रॅमला ९४४ रुपये पडले. त्या दिवसांत चांदी किलोला पंचाहत्तर हजारांच्या आतबाहेर होती; म्हणजे ही पूड वजनाने चांदीच्या बारापट महाग झाली. एवढ्या पैशांत लग्नात देण्यासाठी बरी साडी आली असती. चाळीस वर्षांत अशा साड्या मी कितीतरी घेतल्या आहेत आणि दिल्या आहेत. भाच्याच्या मुंजीत, नणंदेच्या डोहाळजेवणात, साहेबांच्या मुलीच्या लग्नात. त्या वेळी कोणी ग्रॅमचा भाव काढला नाही, मीही नाही. दुसऱ्यासाठी केलेला खर्च ‘व्यवहार’ या सदरात जातो आणि बाईने स्वतःसाठी केलेला ‘उधळपट्टी’ या सदरात. रोजकीर्द लिहिणारा हात एकच असतो, सदरे मात्र आधीच छापलेली असतात.

या रंगाचा हिशेब मोठमोठ्यांनी मांडलेला आहे. स्वातंत्र्यानंतर आयात प्रसाधनांवर परकीय चलन खर्च होते, म्हणून पंडित नेहरूंनी टाटांकडे देशी प्रसाधनांसाठी शब्द टाकला आणि १९५२ साली लॅक्मे उभी राहिली. अमेरिकेतल्या एस्टी लॉडर कंपनीचे लिओनार्ड लॉडर यांनी २००१ च्या मंदीत असे निरीक्षण मांडले की, हात आखडता घ्यायची वेळ आली की बायका मोठ्या खरेद्या टाळतात, पण ओठांची लाली घेतात. अर्थतज्ज्ञांनी त्यावर शंका घेतल्या आहेत. देशाच्या मंदीविषयी मला मत नाही. पण माणसाच्या आयुष्यातही मंदी येते, आणि तिच्यात अशी एखादी लहान खरेदी का होते, हे मला त्या उंच खुर्चीवर बसल्यावर समजले.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग यांत भेद केला आहे. एकदा वापरून संपते तो भोग, जसे अन्न; पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग, जसे वस्त्र. लेखाशास्त्रातल्या महसुली आणि भांडवली खर्चाची आठवण व्हावी, अशीच ही विभागणी आहे. मग लाली कशात धरावी? पूड रोज थोडी संपते म्हणून भोग, डबी दोन वर्षे टिकते म्हणून उपभोग. मी दोन्ही सदरांत नोंद केली. गृहस्थाला हे व्रत सांगताना शास्त्राने ‘परिमाण’ हा शब्द वापरला आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. परिमाण म्हणजे माप. मुनींचा मार्ग सर्वत्यागाचा. गृहस्थाला माप ठरवायला सांगितले आहे, आणि माप ज्याचे त्याने ठरवायचे असते. म्हणून मी ठरवले: एका वेळी एकच डबी, एकच छटा, आणि ती पूर्ण संपेपर्यंत दुसरीकडे पाहायचे नाही. खोक्यावर झाकण उघडलेल्या बरणीचे लहानसे चित्र असते आणि त्यात ‘२४ एम’ असे लिहिलेले असते. उघडल्यापासून चोवीस महिन्यांत वापरावी, असा त्याचा अर्थ. बँकेच्या भाषेत मुदत ठेवच ती.

सांगलीला परतल्यावर पहिल्या सकाळी लाली लावून मी सासूबाईंच्या खोलीत चहा घेऊन गेले. त्यांचे वय तेव्हा अठ्ठ्याऐंशी. १९६७ साली, एकतिसाव्या वर्षी, पदरी दोन लेकरे असताना त्यांचे कपाळ रिकामे झाले आणि तेव्हापासून त्यांच्या अंगावर मी पांढऱ्या-करड्या लुगड्याशिवाय काही पाहिलेले नाही. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि चष्मा लावून माझ्याकडे पाहिले.

“काय लावलंस गं?”

“रंग आहे, आई. गालाला लावायचा.”

“त्यात जीव-बीव नाही न्हवं कसला?”

“नाही. यादी वाचून घेतलीय.”

“कितीला?”

मी आकडा सांगितला. खोटे बोलून कमी सांगावा, असे क्षणभरही मनात आले नाही. त्यांच्याशी असे कधी बोलत नाही. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “माझ्या खोलीतला आरसा काढून नेला होता तुझ्या आजेसासूनं. वर्षभर केस चाचपून विंचरायची मी. नंतर आणून लावला, तवर बघायची सवयच मोडली हुती.” एवढे बोलून त्यांनी चहा घेतला. कप परत देताना म्हणाल्या, “डबी वरच्या फळीवर ठेव. पोरं सांडतील.”

सत्तावन्न वर्षांपूर्वीची ती गोष्ट त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. आम्ही एका घरात सदतीस वर्षे राहत होतो. कदाचित ती सांगण्यासारखी बाई त्यांना तोवर भेटली नव्हती, किंवा मीच विचारण्याच्या जागी पोहोचले नव्हते. माझ्या खरेदीला त्यांनी संमती दिली असे मी म्हणत नाही, आणि मी ती मागितलीही नव्हती. पण वरची फळी मला पुरेशी वाटली.

गेली दोन वर्षे ती डबी मी रोज वापरते. सकाळी मंदिरातून आल्यावर, भाजीला जाण्याआधी, पेन्शनरांच्या बैठकीला निघताना, आणि कुठेही जायचे नसतानाही. शेजारणींपैकी एक-दोघींनी “हल्ली तब्येत बरी दिसते” म्हटले. एकीने काही न म्हणता पाहिले. मीही काही म्हटले नाही. दशलक्षण पर्वात दहा दिवस डबी बंद ठेवायची, असे पहिल्या भाद्रपदातच ठरवले होते. त्या वर्षी पहिले दोन दिवस सवयीने हात वरच्या फळीकडे गेला; तिसऱ्या दिवसापासून गेला नाही, आणि अकराव्या दिवशी मी नेहमीसारखी लाली लावली. वस्तूने आपल्याला धरले आहे की आपण वस्तूला, हे पाहण्याची याहून सोपी चाचणी मला माहीत नाही. प्रत्येकीने आपल्या आवडत्या वस्तूवर ती करून पाहावी.

आता डबीच्या मध्यभागी पुडीखालचा पत्रा दिसू लागला आहे. रुपयाएवढी चकाकती जागा. तिच्याभोवती अजून महिनाभराची पूड असेल. ४,७२० भागिले ७३१ दिवस, म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा रुपये. कोपऱ्यावरच्या टपरीवरचा चहा याहून महाग आहे. परंतु हा भागाकार मी खर्चाचे समर्थन म्हणून मांडत नाही. तो मांडल्याशिवाय माझ्याच्याने खाते बंद होत नाही, एवढेच. पुढची डबी घ्यायची की नाही, महाग घ्यायची की तीनशेची, हे पत्रा पूर्ण उघडा पडल्यावर ठरवीन. सुमारे साडेसहा वर्षे कोरा राहिलेला चेहरा आता माझ्या ओळखीचा झाला आहे, आणि आता तीनशेच्या लालीनेही त्याचे भागेल असे वाटते.

आपल्या घरांतून लग्नसराईत पहाटे ब्रश घेऊन मुली येतात. खोलीत रांग लागते. त्या रांगेत एखादी काकू, मावशी, आत्या भिंतीला टेकून बसलेली असते. हातात कोणाचे तरी बाळ किंवा अक्षतांचे ताट धरून, आपण कामात आहोत असे दाखवीत. तिच्याऐवजी शेजारणीला विचारू नका. तिला काय हवे ते तिच्या शेजारणीला माहीत नसते. तिच्यासमोर जाऊन, तिच्याकडे पाहून, तिलाच विचारा. ती कदाचित नको म्हणेल. तिचे ‘नको’ही तिच्याच तोंडून येऊ द्या.